मुलाची होडी आणि माझे चौदा नियम



चातुर्मास बसला. रोज सकाळी चौदा नियम धारायची माझी वही पुन्हा कपाटातून बाहेर आली, आणि या वेळी ‘वाहन’ आणि ‘दिशा’ या दोन रकान्यांपाशी पेन थांबला. खरं सांगते, दर वर्षी हे दोन रकाने मी न बघताच भरत असे. सावलीत राहणाऱ्या बाईला वाहन किती लागणार? घर, दुकान, शेत. फार तर मूल, नाहीतर चंद्रपूर. पण या वेळी ते रकाने भरताना मला मुलाची होडी आठवली. म्हणून आज तिच्याबद्दलच लिहिते. जरा लांबण लागेल, निवांत वाचा.

माझा धाकटा इंग्लंडात साउथॅम्प्टनजवळ राहतो. तिथे हॅम्बल नावाची लहानशी नदी समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही काठांना शिडाच्या होड्या खेटून उभ्या असतात, आपल्याकडे धान विक्रीच्या दिवसांत ट्रॅक्टर रांगेत लागतात तशा. त्यातलीच एक नऊ मीटर लांबीची, चाळीस वर्षं जुनी होडी त्याने घेतली. घेतली तेव्हा हे म्हणाले, “घर घ्यायचं सोडून होडी?” पण सून म्हणाली, ती जुन्या मोटारगाडीच्या भावात मिळाली आहे. मग हे गप्प बसले.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो. मुलाने मोठ्या हौसेने आम्हाला होडीत बसवलं. शीड फुगलं, होडी एका अंगाला कलली आणि पाण्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज राहिला नाही. मला वाटलं, हे तर छान आहे. तासाभरात वारा पडला. मुलाने खालचं डिझेल इंजिन चालू केलं, आणि माझे हाल सुरू झाले. पायाखाली धडधड, नाकात धूर. मी कठड्यावरून वाकून ओकत होते, आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर होडीच्या पोटातलं साचलेलं पाणी पंपाने बाहेर पडलं. त्यात इंजिनाचं गळलेलं तेल होतं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरत गेला.

आपण पाणी गाळून पितो, उकळून पितो. गाळणं झटकताना त्यातले जीव जिथले तिथे जावेत म्हणून जपतो. आणि इथे माझ्या एका फेरफटक्यासाठी त्या पाण्याला तेल पाजलं जात होतं. मी तोंड पुसलं आणि मुलाला म्हटलं, “मला काठावर सोड. मी परत या होडीत बसायची नाही.” तो काही बोलला नाही. होडी धक्क्याला लावेपर्यंत काहीच बोलला नाही.

त्यानंतर तीन वर्षं गेली. मधे यांची तब्येत बिघडली, दुकान माझ्यावर आलं. मुलगा फोनवर सांगायचा, “आई, इंजिन काढतोय. विजेची मोटर बसवतोय.” मी “हो का, बरं” म्हणायची आणि गिऱ्हाइकाकडे वळायची. तो काय करत होता ते मी कधी नीट ऐकूनच घेतलं नाही.

या वर्षी वैशाखात मी एकटीच गेले, नातवाला सांभाळायला. आषाढ चौदसच्या आत परत यायचं हे ठरवूनच गेले होते.

आता तुमच्यापैकी कुणी विचारेल, शिडाच्या होडीला मुळात इंजिन कशाला? मीही विचारलं होतं. भर समुद्रात वारा हेच तिचं इंजिन. आपल्या नौदलाची ‘तारिणी’ तुम्हाला आठवत असेल. गोव्यात बांधलेली शिडाची नाव. २०१७-१८ मध्ये सहा अधिकारी स्त्रियांनी तिच्यातून पृथ्वीला फेरी घातली. पुढे तर दोघीच जणी, दिलना आणि रूपा, तीच नाव घेऊन जगाला फेरी घालून आल्या. मी तिकडे असतानाच, २९ मे २०२५ ला, त्या गोव्याला पोचल्याची बातमी आली आणि मुलाने ती मला तीनदा दाखवली. एवढी फेरी वाऱ्यावर होते. पण बंदरात शिरताना, शेकडो होड्यांच्या मधून आपल्या जागी लावताना, किंवा वारा पडल्यावर घरी येताना शिडाचा उपयोग नसतो. तेवढ्यासाठी इंजिन लागतं.

मुलाने मला धक्क्यावर नेलं आणि होडीच्या पोटाचं झाकण उघडून दाखवलं. तिथे पूर्वी शंभर किलोच्या वर वजनाचं काळं लोखंड बसलेलं होतं. त्याच्या जागी आता पाच किलो तांदळाच्या डब्याएवढी मोटर होती, जुन्याच दांड्याला जोडलेली. पाण्याखालचा पंखाही जुनाच. डिझेलची टाकी काढून टाकली होती. धुराचा पाइप काढला होता. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारं भोक कायमचं बंद केलं होतं. टाकीच्या जागी बॅटऱ्यांचे खोके होते. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालावं लागतं तशा त्या नाहीत, लिथियमच्या आहेत. सोळा घर एकापुढे एक जोडून साधारण ५० व्होल्ट. त्यांच्यावर नजर ठेवायला एक छोटा मेंदू बसवलेला. एखादं घर जास्त तापलं किंवा फार उतरलं की तो पुरवठा तोडतो. वर छतावर सौरपट्ट्या. आणि होडी शिडावर जोरात चालली असेल तर पाण्याने पंखा फिरतो आणि थोडी वीज परत बॅटरीत येते. मुलगा म्हणाला, “थोडीच येते, आणि तेवढा वेगही कमी होतो. फुकट काही नाही.”

तळाला हात फिरवून त्याने मला तळवा दाखवला. स्वच्छ होता. तो म्हणाला, “आई, आता धूर नाही, तेल नाही. तुला बसता येईल.”

आणि मैत्रिणींनो, मी काय बोलले ऐका. म्हणाले, “वीज म्हणजे शेवटी कोळसाच ना रे? धूर तुझ्या होडीतून निघून दुसऱ्याच्या दारात गेला, एवढंच.”

चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाईच्या तोंडी हे पटकन येतं. भद्रावतीला पार्श्वनाथ भगवंतांच्या दर्शनाला आपण जातो तेव्हा चंद्रपूर सोडताना काय दिसतं? वीजकेंद्राच्या उंच चिमण्या आणि खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगराएवढे ढिगारे. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि तिथे जळतो तो कोळसाच. आपल्या आगमांत श्रावकाला वर्ज्य सांगितलेली पंधरा कर्मादानं आहेत. त्यात कोळशा-भट्टीचं अंगारकर्म आहे, जमीन फोडण्याचं स्फोटकर्म आहे. आपण तो धंदा करत नाही, पण बटण दाबतो तेव्हा त्याचंच फळ वापरतो. हे मला नेहमी टोचतं, म्हणून बोलून गेले.

मुलाचा चेहरा उतरला. मग तो शांतपणे म्हणाला, “आई, तुझं चंद्रपूरबद्दल बरोबर आहे. पण इथल्या विजेत आता कोळसा नाही. या देशातलं कोळशाचं शेवटचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. गॅस अजून जळतो, ते खरं. वाऱ्याची वीजही भरपूर आहे.” आणि तो झाकण लावायला खाली वाकला.

मला हे माहीत नव्हतं. जिथे कोळशाच्या विजेची सुरुवात झाली, १८८२ मध्ये लंडनच्या हॉलबर्न भागात कोळशावरचं वीजघर उभं राहिलं, त्याच देशाने १४२ वर्षांनी ते प्रकरण मिटवलं. आणि मी आपल्या गावचं माप त्याच्या होडीला लावलं होतं.

रात्री स्वयंपाकघरात भांडी आवरताना सून म्हणाली, “आई, तुम्हाला सांगायचं नाही असं त्याने बजावलंय, पण सांगते. दोन हिवाळे तो शनिवार-रविवार त्या होडीच्या पोटात गुडघ्यावर बसून होता. चाळीस वर्षांचं तेल चिंध्यांनी पुसत होता. मी म्हणायचे, कशाला एवढं? तर म्हणायचा, आईला वास सहन होत नाही.” मी हातातली ताटली तशीच धरून उभी राहिले. मला झोप लागली नाही त्या रात्री.

त्यानंतरच्या रविवारी मी आपणहून म्हटलं, “चल, होडीत जाऊ.”

सून, नातू, मुलगा, मी. सोबत खाकरे, मुगाची उसळ, उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या. हॅम्बल नदीतून निघालो तेव्हा मला कळलंच नाही की मोटर चालू आहे. बदकाची पिल्लं बाजूने गेली ती उडाली नाहीत. नातू मांडीवर झोपला. मी तीन वर्षांनी त्या होडीत बसले होते आणि पोटात काही ढवळत नव्हतं.

वारा अजिबात नव्हता. समोरच्या आयल ऑफ वाइट बेटावरचं काउज हे गाव मला दाखवायचं म्हणून मुलाने मोटर जोरात सोडली. सात सागरी मैल अंतर, सव्वा तासात पोचलो. मी “वा!” म्हणाले. तो खूश झाला. पडद्यावरचा आकडा मात्र १०० वरून ३४ वर आला होता. तो आकडा मी पाहिला, पण मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

दिवस छान गेला. थोडा वारा आला, शीड उभारलं, बेटाच्या कडेने फिरलो. उन्हाने बॅटरीत आठ टक्के भर घातली, ४२ झाले. संध्याकाळी साडेपाचला परत निघायचं म्हटलं तर वारा पुन्हा पडला आणि ओहोटी लागलेली. साउथॅम्प्टनच्या खाडीतून सगळं पाणी बाहेर निघालं होतं, आणि आम्हाला त्याच पाण्याच्या विरुद्ध आत शिरायचं होतं.

मुलाने कागद काढला. त्याने मला समजावलेलं गणित तुम्हालाही सांगते, कारण त्यातच सगळं आहे.

बॅटरी भरलेली असते तेव्हा तिच्यात दहा युनिट वीज असते. घरच्या बिलावरचं युनिट, तेच. ताशी चार सागरी मैल चालायला त्याच्या होडीला दोन किलोवॅट लागतात. म्हणजे तासाला दोन युनिट. साडेपाच मैलांनी चालायला पाच किलोवॅटच्या वर लागतात. आणि तीन मैलांनी चालायला एक किलोवॅटही लागत नाही. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर जोर साधारण आठपट लागतो. पाणी ढकलून बाजूला सारावं लागतं ना. सकाळी आम्ही घाई केली म्हणून सात मैलांत दोन तृतीयांश वीज संपली. सावकाश गेलो असतो तर एवढ्यात जाऊन परत आलो असतो.

“आणि डिझेल असतं तर?” सुनेने विचारलं. ती चिडली होती. नातवाची झोपायची वेळ होत आली होती, सकाळी तिला ऑफिस होतं. “डिझेल असतं तर तासाभरात घरी असतो.”

“असतो,” मुलगा म्हणाला. त्याने नाकारलं नाही. ही सगळी बॅटरी मिळून कामाच्या हिशेबाने साडेतीन लिटर डिझेलच्या तोडीची आहे, हेही त्यानेच सांगितलं. जुनी टाकी साठ लिटरची होती. साठ लिटर पाठीशी असताना ओहोटी कधी, भरती कधी, याचा कोण विचार करतो? इंजिन दाबायचं आणि प्रवाहावर चढायचं.

मी ऐकत होते आणि मला सासूबाईंचं बोलणं आठवत होतं. वैनगंगेवर पूल नव्हता तेव्हा त्या माहेरी जाताना डोंग्यातून नदी पार करायच्या. डोंगेवाला आधी काठाकाठाने डोंगा वरच्या अंगाला ओढत न्यायचा आणि मग पाण्यात सोडायचा. प्रवाह त्याला तिरपा खाली आणायचा, बरोबर समोरच्या घाटावर. पूर असला तर दोन दिवस काठावर थांबायचं. कुणी डोंगेवाल्याशी भांडायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, नदीचं ऐकलं तर नदी नेते.

मुलगा म्हणाला, “नांगर टाकतो. चार तास थांबू. भरती लागली की पाणीच आपल्याला आत नेईल.”

सून काही बोलली नाही. मी नातवाला घेऊन बसले. आम्ही खाऊन घेतलं. तिथे जूनमध्ये सूर्य मावळायला सव्वानऊ होतात, त्यामुळे चौविहाराला अडचण नव्हती. मग मी कटासणं अंथरलं आणि सामायिक घेतलं. अठ्ठेचाळीस मिनिटं. होडी नांगरावर हलत होती, पण कसला आवाज नव्हता. घरी सामायिकात बसलं की दुकानाचा फोन वाजतो, गिरणीचा पट्टा फटफटतो. इतकी शांत अठ्ठेचाळीस मिनिटं मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

सामायिक पाळून डोळे उघडले तर मुलगा समोर बसलेला. म्हणाला, “सकाळी मी मूर्खासारखं पळवलं. तुला दाखवायचं होतं की ही पण जोरात जाते.”

मी म्हटलं, “आणि मी त्या दिवशी कोळशाचं बोलले. तुझ्या दोन हिवाळ्यांवर मी एका वाक्यात पाणी ओतलं. मिच्छामि दुक्कडं.”

संवत्सरीला आपण सगळ्यांना म्हणतो ते शब्द. स्वतःच्या पोटच्या मुलाला, एका चुकीसाठी, समोरासमोर मी पहिल्यांदा म्हटले. तो हसला, पण डोळे पुसत हसला.

साडेनऊला पाणी फिरलं. नांगर उचलला, मोटर अगदी हळू ठेवली, ताशी तीन मैल. भरतीने हात दिला. काळोखात काठावरचे दिवे सरकत होते. साडेअकराला धक्क्याला लागलो तेव्हा पडद्यावर २८ उरले होते. सून उतरताना म्हणाली, “पुढच्या वेळी भरतीचं वेळापत्रक मी बघणार.” म्हणजे ती पुन्हा येणार होती.

घरी आल्यावर मुलाने मला या विजेच्या होड्यांचं बरंच सांगितलं. मला वाटायचं हे सगळं काल-परवाचं. तसं नाही. १८३८-३९ च्या सुमाराला रशियात याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर बॅटरीची होडी चालवली होती. १८८१ मध्ये गुस्ताव त्रुवे या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या सेन नदीवर चालवली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या थेम्सवर विजेच्या होड्या भाड्याने मिळत, आणि काठावर बॅटरी भरायच्या जागाही होत्या. पुढे स्वस्त तेल आलं आणि सगळं मागे पडलं.

आपल्या देशातही हे आलं आहे. केरळात वैकमजवळ ‘आदित्य’ नावाची ७५ माणसांची नाव जानेवारी २०१७ पासून मुख्यतः उन्हाच्या विजेवर लोकांची ने-आण करते. २०२० मध्ये तिला त्या त्रुवेच्याच नावाचा पुरस्कार मिळाला. कोचीत २०२३ पासून बॅटरीच्या नावांची वॉटर मेट्रो सुरू आहे. ‘आदित्य’ बांधणाऱ्यांनीच मुंबईच्या माझगाव डॉकसाठी ‘बॅराकुडा’ नावाची सौर-विजेची वेगवान होडी बांधली. ‘आदित्य’सारख्या नावेचा ठरलेला काठ, ठरलेल्या फेऱ्या, म्हणून तिथे हे सोपं जातं. रोज किती चालायचं ते सकाळीच माहीत असतं.

आणि इथे मी माझ्या वहीपाशी येते.

चौदा नियम आपण कशासाठी धारतो? आज इतकी द्रव्यं, इतके कपडे, इतकी वाहनं, इतक्या दिशेला इतकंच अंतर. सकाळी मोजून ठेवायचं आणि संध्याकाळी पडताळायचं. लहानपणी मला वाटे, ही उगाच बंधनं आहेत. साठ लिटरची टाकी पाठीशी असलेल्या माणसाला मोजायला सांगा, त्यालाही तसंच वाटेल. मुलाच्या होडीत मी पाहिलं की मर्यादा डोळ्यांसमोर असली की माणूस वेगळा वागतो. वारा बघतो, पाणी बघतो, थांबतो. वाहन बदललं म्हणून पुण्य लागत नाही. सकाळी आम्ही त्याच निर्मळ होडीत उधळपट्टी केलीच की! मोजायला लागलो तेव्हा कुठे नीट घरी पोचलो.

कोळशाचं माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेतलेलं नाही. मुलाच्या बॅटऱ्यांसाठीही कुठेतरी जमीन खणली गेली आहे, हे त्यालाही मान्य आहे. आणि इथे सावलीत मी दिवा लावते तो बहुतेक कोळशाचाच. पण त्या रात्री “वीज म्हणजे कोळसाच” असं म्हणून मी हात झटकले होते. ते सोपं होतं. सगळंच सदोष आहे असं म्हटलं की आपल्याला काही करायला नको.

परत आल्यावर यांच्याशी बोलले. शेतातल्या विहिरीवर अजून डिझेलचा पंप आहे. सासऱ्यांच्या वेळचा. त्याच्या खाली, माती काळी झालेल्या जागी, कित्येक वर्षांत गवत उगवलेलं नाही. मी रोज ते बघत होते आणि साउथॅम्प्टनच्या पाण्यावरचा तवंग बघून मुलाला ओरडले होते. शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत दहा टक्के रक्कम आपण भरायची असते. आम्ही अर्ज केला आहे. हे म्हणाले, “ढगाळ दिवशी काय करशील?” मी म्हटलं, “थांबेन.” धानाला तर आसोलामेंढ्याच्या कालव्याचं पाणी येतं. पंप लागतो तो भाजीपाल्याला आणि हरभऱ्याला. तेवढ्याचा हिशेब घालता येतो.

आणखी एक केलं. घरातला इन्व्हर्टर आपण सगळ्याच वापरतो, पण लाइट गेली की पंखे तसेच, टीव्ही तसाच. आता मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला आहे: कुठल्या वस्तूला किती वीज, आणि लाइट गेल्यावर आधी काय बंद करायचं. मोठी सून हसली. दुसऱ्या दिवशी तिनेच त्यात मिक्सर लिहिला.

काल मुलाचा फोन आला. म्हणाला, शनिवारी आम्ही तिघं काउजला जाऊन आलो. सकाळी ओहोटीबरोबर निघालो, संध्याकाळी भरतीबरोबर परत. घरी पोचलो तेव्हा ६१ टक्के उरले होते. मी आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

तुमच्या वहीत ‘वाहन’ आणि ‘दिशा’ हे रकाने असतीलच. या चातुर्मासात ते भरताना क्षणभर थांबा, एवढंच सांगायचं होतं. लिहिताना काही चुकीचं, अविनयाने लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.